काहिलीजवळचा फोटो

शाहूपुरी, कोल्हापूर
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय बाळासोमामा,
सा. नमस्कार.

विम्याचं ऑफिस आमच्या जिन्यावर नाही. आमच्या अख्ख्या बोळातच नाही.

काल दुपारी तुम्ही दारात थांबून पाटी वाचलीत, आत पाऊल टाकलंत, टेबलामागं मला पाहिलंत आणि म्हणालात, "विम्याचं हापीस हे न्हवं व्हय?" मी 'मामा' म्हणेपर्यंत तुम्ही जिना उतरला होतात. हातातलं पुडकं मात्र खुर्चीवर राहिलं. त्यात गुळाच्या वड्या होत्या, एकसारख्या, कागदात एकेक गुंडाळलेल्या. विम्याच्या माणसाला कोणी गुळाचे नमुने नेत नाही, मामा.

पाटीवर 'सोबत उद्योजक मंडळ' असं आहे आणि खाली लहान अक्षरांत 'समलिंगी व तृतीयपंथी व्यावसायिकांची संघटना'. तुम्ही दोन्ही ओळी वाचल्यात, मी बघत होते. मंडळाचे एकेचाळीस सभासद आहेत. अध्यक्ष तमन्नाताई. त्या स्वतः तृतीयपंथी आहेत आणि नवरीचे कपडे शिवायचं त्यांचं मोठं दुकान आहे. मी इथं सहा महिन्यांपासून पगारी कार्यवाह आहे. आईला 'व्यापारी संघटनेत नोकरी' एवढंच सांगितलंय. ते खोटं नाही.

तुम्ही आला होतात हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. फोन केला तर गणपतमामांचा नातू ऋतुराज उचलतो आणि घरी आलेलं प्रत्येक पत्र गणपतमामा स्वतः फोडतात, म्हणून हे गुऱ्हाळाच्या पत्त्यावर टाकते. पाकिटावर मंडळाचं नाव नाही.

वड्या सगळ्यांनी खाल्ल्या. फार सुंदर आहेत.

तुमची भाची,
क्रांती

---

गुऱ्हाळ, जयसिंगपूरजवळ
२४ ऑक्टोबर २०२४

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस उसाच्या मोळीखाली ठेवलं होतं. आज लिहितोय.

वड्या विकायच्या होत्या. एका व्यापाऱ्यानं सांगितलं, त्या मंडळाच्या ओळखीनं मोठ्या हॉटेलांची ऑर्डर मिळते. तेवढ्यासाठी आलो होतो, असं लिहून हे पत्र इथंच संपवता आलं असतं. पण तू आमच्या नात्यात पहिली पदवीधर. तुझ्या बापानं मार्केट यार्डात गुळाचे रवे, त्या जड ढेपा, पाठीवर वाहिले आणि तुला शिकवलं. तुझ्याशी खोटं बोलायला जीव धजत नाही. तू जे समजलीस ते खरं हाय.

माझं वय अठ्ठेचाळीस. लग्न का केलं नाही हे विचारायचं लोकांनी सोडून दिलंय. गणपतदादांनीही. गुऱ्हाळ मी चालवतो, पण जागा दादांच्या नावावर आणि ऊसही दादांचा. त्यांच्या कानावर गेलं तर काय होईल ते तू जाणतेस.

एक विचारतो, राग मानू नको. तू बी त्यातलीच काय?

ऑर्डर कशी मिळते ते सविस्तर कळव.

बाळासोमामा

---

शाहूपुरी
२९ ऑक्टोबर २०२४

प्रिय मामा,

राग कसला? नाही, मी त्यातली नाही. मी बी.कॉम. आहे आणि मला नोकरी हवी होती. पहिला महिना पगारासाठी आले. दुसऱ्या महिन्यात एका बँकेत तमन्नाताईंबरोबर गेले. आमच्या दोन सभासदांना एकत्र खातं उघडायचं होतं, एकमेकांना वारस म्हणून लावायचं होतं. नियमात ते बसतं. तरी मॅनेजर तीन वेळा म्हणाला, "पण तुमचं नातं काय?" तमन्नाताई म्हणाल्या, "सायेब, नातं लिवायला तुमच्या फॉर्मात जागा न्हाय, ती आमची चूक व्हय?" खातं उघडलं. त्या दिवसापासून ही नोकरी मला नुसती नोकरी वाटत नाही.

आता ऑर्डरचं. काही मोठ्या कंपन्या ठरवून आमच्या सभासदांसारख्या उद्योजकांकडून माल घेतात, पण त्यांना खात्री लागते. ती खात्री मंडळ देतं. धंद्याची निम्म्याहून जास्त मालकी समाजातल्या माणसाची हवी. तुम्ही तसं सही करून लिहून द्यायचं, आम्ही कागद तपासतो, येऊन काम बघतो आणि प्रमाणपत्र देतो. लेखी परवानगीशिवाय नाव बाहेर जात नाही. पुण्याच्या एका हॉटेलवाल्यांना चहासोबत ठेवायला गुळाच्या वड्याच हव्या आहेत! पहिला माल एक फेब्रुवारीच्या आत लागेल.

फॉर्म सोबत आहे. मालकाचं नाव, भागीदार असल्यास त्याचं नाव, सही आणि कामाच्या जागेवरचा एक फोटो.

बाबालालभाई अजून तुमच्याकडेच कामाला आहेत ना? लहानपणी रस उकळायच्या काहिलीजवळ उभं केलं की ते मला लाकडी पळीवरचा गरम पाक चाटायला द्यायचे. त्यांना नमस्कार सांगा.

क्रांती

---

गुऱ्हाळ
६ नोव्हेंबर २०२४

चि. क्रांतीस,
आशीर्वाद.

फॉर्म भरून पाठवतोय. भागीदाराचा रकाना आत्ता रिकामा ठेवलाय. तो तसाच राहू दे.

फोटो एकच हाय, काहिलीजवळ काढलेला, बाबालाल आणि मी. दुसरा शोधला, मिळाला नाही. मंडळाच्या कामाला वापर.

बाबालाल हाय. गुळव्या तोच. मळी वर यायला रसात भेंडीचं पाणी किती घालायचं, काहील कधी उतरायची, ते त्यालाच कळतं. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकतो, बोटानं दाबतो आणि म्हणतो, "उतरा." एक क्षण उशीर झाला तर वडी बसत नाही. तुझा नमस्कार सांगितला. म्हणाला, "पोरगी हापिसर झाली व्हय? पळी चाटून पाक अंगावर सांडायची, ती!"

बाळासोमामा

---

शाहूपुरी
१२ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

प्रमाणपत्र मंजूर! हॉटेलवाल्यांना नमुना पसंत पडला, ऑर्डर पक्की आहे. आमचे दोघे तपासणीला आले तेव्हा तुम्ही त्यांना बळंच जेवायला बसवलंत म्हणे. ते अजून बाबालालभाईंच्या हातच्या रश्श्याचं नाव काढतात.

आणखी एक आनंदाची गोष्ट. एकवीस तारखेला आमचा खरेदी-विक्री मेळावा आहे. कोल्हापुरात डिजिटल बोर्डाशिवाय साधं बारसं होत नाही, मग आपलंच मंडळ का मागं राहावं? वीस फुटी फ्लेक्स केलाय. सोळा प्रमाणित उद्योजकांचे फोटो, खाली नावं आणि 'हार्दिक अभिनंदन'. मी तो मुद्दाम मार्केट यार्डाच्या फाटकासमोर लावून घेतला, कारण गुळाच्या व्यापाऱ्यांनीच तो बघायला हवा. तुम्ही फोटो मंडळाच्या कामाला दिला होतात, म्हणून तुमचाही घेतला. तुम्ही दुसऱ्या ओळीत आहात, फार रुबाबदार दिसताय. शेजारचे बाबालालभाई तेवढे कापावे लागले. फ्लेक्सवर फक्त मालकांचे फोटो आहेत.

मामा, किती वर्षं दारातून परत फिरायचं? कोणीतरी ताठ मानेनं उभं राहायला हवंच ना?

क्रांती

---

गुऱ्हाळ
१७ डिसेंबर २०२४

क्रांती,

फ्लेक्स उतरव. आजच.

दादा आज सकाळी गुळाच्या सौद्याला यार्डात गेले होते. फोन त्यांनी काढून घेतलाय. ही चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरकडे देतोय.

बा.

---

शाहूपुरी
२० डिसेंबर २०२४

मामा,

कंडक्टरनं चिठ्ठी दिली तेव्हा पाच वाजले होते. मी आणि तमन्नाताईंनी स्वतः शिडीवर चढून फ्लेक्स उतरवला. पण तो तिथं सहा दिवस होता.

गणपतमामा दर मंगळवारी सौद्याला येतात हे मला माहीत होतं. लहानपणी त्याच दिवशी ते आम्हाला यार्डाबाहेर भजी घेऊन द्यायचे. ते माझ्या एकदाही मनात आलं नाही. तुमच्याकडे स्पष्ट लेखी परवानगी मागायचा नियम मीच टाइप केला होता, आणि तो मीच पाळला नाही. मला वाटलं, मंडळाचं काम म्हणजे यातही तुमची संमती आहे.

काल तिकडे येऊन गेले. गुऱ्हाळाला कुलूप होतं. भर हंगामात चुलवाण थंड होतं. ऋतुराज बांधावर उभा होता. म्हणाला, "आजोबांनी सांगितलंय, क्रांतीआत्यानं घराकडं यायचं न्हाय." त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हे पत्र पोस्टमनच्याच हातात देऊन 'फक्त बाळासोंना' म्हणून सांगितलंय. एक ओळ तरी लिहा. तुम्ही कुठं आहात? तुम्हाला मारलं तर नाही ना?

क्रांती

---

शाहूपुरी
४ जानेवारी २०२५

मामा,

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. हे पत्र त्याच पोस्टमनकडे देते.

मी राजीनामा लिहून तमन्नाताईंपुढं ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. म्हणाल्या, "चूक तू केलीस आणि निस्तरायची आमी? पळून जातीस व्हय गं? बस खाली. त्या माणसाचं काय करायचं ते बोल."

मंडळाच्या वकीलबाई तुमच्यासाठी उभ्या राहायला तयार आहेत. तुम्ही म्हणाल तर पोलिसांकडेही जाऊ. पण तमन्नाताई म्हणतात, आधी त्याला काय पाहिजे ते त्यालाच विचार. तू एकदा त्याच्या वतीनं ठरवलंस, तेवढं पुरे.

म्हणून विचारते. मामा, तुम्हाला काय हवंय?

क्रांती

---

गुऱ्हाळ
११ जानेवारी २०२५

चि. क्रांतीस,

मला कोणी मारलं नाही. मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

त्या मंगळवारी दादा यार्डातून आले आणि सरळ गुऱ्हाळावर आले. काहील चढलेली होती. बाबालाल पळी घेऊन उभा होता. दादा ओरडले नाहीत. मोबाईलवर काढलेला फ्लेक्सचा फोटो माझ्यासमोर धरला. म्हणाले, "हे खरं हाय?" मी वाकून चुलवाणात चिपाड सारलं. मग म्हणाले, "खरं असूंदे न्हायतर खोटं असूंदे. गावाला सांगू, पोरीनं चुकून लावला. तू घरातच ऱ्हा, गुऱ्हाळ तुझंच. फकस्त ह्यो उद्यापासनं इथं दिसायचा न्हाय."

मी म्हणालो, "दादा, बाबालालचा काय संबंध?"

तर त्यांनी फोटो पुन्हा पुढं केला. "त्येच म्हणतोय मी. काय संबंध? फोटोत तर तू एकटाच हाईस. नोकर हाय त्यो. नोकर काय, दुसरा मिळंल."

बाबालालनं ते ऐकलं. माझ्याकडं बघितलं. क्रांती, त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. बावीस वर्षं आम्ही एका ताटात जेवलो. माझ्या टायफॉइडात चौदा रात्री हा माणूस माझ्या उशाशी बसला. आणि मी बोललो काय? तर, "पाक करपंल, आधी काहील उतरू या."

त्यानं काहील उतरली. पळी धुतली, भिंतीला टेकवली आणि गेला.

तू फ्लेक्स लावलास याचा मला राग होता. आता नाही. तू त्याला कापलंस कारण तुला तो नोकर वाटला. तुला तसं वाटेल अशीच व्यवस्था मी ठेवली होती. रकाना मीच रिकामा सोडला होता.

दादांनी नवा गुळव्या आणलाय. वडी बसत नाही. पण ते ऑर्डरचं दुखणं आहे, माझं नाही. तू विचारलंस मला काय हवंय. बाबालाल पन्हाळ्याला त्याच्या बहिणीकडे गेलाय, शमशादकडे. तिची तिथं भज्याची गाडी हाय. दादांनी फोन परत दिलाय, पण माझा फोन तो घेत नाही. मी गेलो तर दारातून परत पाठवील आणि ते त्याचं बरोबरच ठरेल.

तू जाशील का?

बाळासोमामा

---

शाहूपुरी
१९ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

काल जाऊन आले.

बाबालालभाई भजी तळत होते. मला पाहून शमशादला म्हणाले, "ह्या हापिसर बाईला एक प्लेट दे. पैसं घिऊ नगंस, आपली पावणी हाय." नंतर अर्धा तास माझ्याकडे पाठ.

मी तुमचा फोटो मोठा करून नेला होता, न कापलेला. बाकड्यावर ठेवला. म्हटलं, "भाई, माझी चूक झाली. मला वाटलं तुम्ही कामाला आहात."

ते वळले. हात पुसून फोटो उचलला, बराच वेळ बघितला. "तुझी कसली चूक? मीबी तसंच समजत आलतो. काम करतोय, जेवतोय, ऱ्हातोय. कशाला पायजे नाव? पर त्या दिवशी गणपतराव म्हणाले 'काय संबंध', आणि ह्यो गप्प. तवा कळलं, कुठल्याच कागदावर मी न्हाय. रेशन कार्डावर न्हाय, गुळाच्या पावतीवर न्हाय, गुऱ्हाळाच्या पाटीवर न्हाय. उद्या ह्याला काय झालं तर मला तिरडीला खांदा लावायला तरी बोलवतील का गं?"

शमशाद कढईवरून म्हणाली, "लगीन तर सरकार लावून देत न्हाय ह्यांचं. मग ह्यानं जायचं कुठं?"

तेव्हा मला आमच्या वकीलबाईंचं वाक्य आठवलं. मी सांगितलं, "लग्नाचा कागद कायदा देत नाही. भागीदारीचा देतो. एका धंद्यातले दोन मालक, निम्मे निम्मे. तो कागद कोणाचा भाऊ फाडू शकत नाही." मग मी तुमचा फॉर्म काढला. भागीदाराचा रकाना दाखवला.

त्यांनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. तेलाचा डाग पडला. म्हणाले, "हे मी भरणार न्हाय. तू बी भरायचं न्हाईस. त्येला म्हणावं, त्येच्या हातानं भर. आणि गणपतरावांच्या म्होरं भर. चोरून लिवलेलं नाव मला नगं."

मामा, आमच्या एका सभासदाचं गुऱ्हाळ पन्हाळ्याच्या पायथ्याशी दोन वर्षं बंद आहे. भाड्यानं द्यायला तयार आहेत. आसपासचे शेतकरी ऊस देतील, आमचे दोघे बोलून आले. मंडळ एवढंच करू शकतं. पुढचं मंडळाच्या हातात नाही आणि माझ्या तर नाहीच.

फॉर्म सोबत पाठवते, डागासकट. एक फेब्रुवारीला तेरा दिवस राहिलेत. पण मी त्या तारखेची आठवण करून देत नाही, असं समजा.

क्रांती

---

जयसिंगपूर स्टँड
२६ जानेवारी २०२५

चि. क्रांतीस,

हे बाकावर बसून लिहितोय. जवळ एक पिशवी आणि बाबालालची पळी.

सकाळी गावात झेंडावंदन होतं. दादा परत आले, घराच्या पुढच्या सोप्यात पाच-सहा माणसं चहाला बसली. मी फॉर्म घेऊन गेलो, त्यांच्यासमोरच्या टेबलावर ठेवला आणि ऋतुराजकडून पेन मागितलं. दादा म्हणाले, "काय रं, सकाळी सकाळी कसला अर्ज?"

मी मोठ्यानं वाचत लिहिलं. भागीदाराचं नाव, बाबालाल इमाम जमादार. मालकीचा हिस्सा, निम्मा.

'जमादार' दोनदा गिरवलं.

दादा म्हणाले, "जागा माझी हाय."

मी म्हणालो, "जागा ठेवा. ऊस ठेवा. गुऱ्हाळ बी ठेवा. तुम्ही विचारलं होतं ना, काय संबंध? ह्यो संबंध. त्या दिवशी बोलायचं राहिलं होतं."

चहाला बसलेल्यांपैकी कोणी मान वर केली नाही. दादा उठले, आत गेले. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. उंबऱ्यावर असताना आतून आवाज आला, "त्या दारातनं गेलास तर परत येऊ नगंस." मी थांबलो. क्रांती, खोटं लिहीत नाही, मला परत फिरावंसं वाटलं. अठ्ठेचाळीस वर्षं त्याच सोप्यात झोपलो. मग पिशवीतून पळीचा दांडा बाहेर आलेला दिसला. निघालो.

आता कोल्हापूरची गाडी लागतेय. तिथून पन्हाळा. तो दार उघडेल का ते मला ठाऊक नाही. फॉर्म त्याच्या हातात देईन, वाचून बघेल. मग जे म्हणेल ते.

बाळासोमामा

---

पन्हाळ्याचा पायथा
१९ फेब्रुवारी २०२५

हापिसर बाईस,
बाबालालचा सलाम.

मला लिवायची सवय न्हाय. सातवी शिकलोय. चूक-भूल चालवून घे.

बाळासो सव्वीस तारखेला सांजच्याला आला. दारात हुबा राहून म्हणाला, "भजी मिळतील काय?" मी म्हटलं, "आधी कागद दाव." दावला. दोनदा गिरवलेलं बघितलं. शमशाद म्हणाली, "घे की आत, माणूस उपाशी हाय." घेतला.

एक तारखेचा माल एकतीसलाच गेला. तू पोचवायला आलीस, तवा बोलायला सवड न्हवती. वकीलबाईंनी करारनामा केला, दोघांच्या सह्या. तो कागद मी पत्र्याच्या पेटीत ठेवलाय आणि रोज एकदा उघडून बघतो. बाळासो हसतोय. हसूंदे.

आता ज्यासाठी लिवतोय ते. वड्यांबरोबर सात रवे बी पाडले होते. ते काल, मंगळवारी, सौद्याला यार्डात नेले. बाळासो गाडीतच बसून राहिला. मीच रव्यांजवळ हुबा राहिलो. गणपतराव आले. मला बघितलं, न बघितल्यावानी केलं. बाकीचे व्यापारी रवा टोचून खडा चाखत पुढं चालले होते. गणपतराव आमच्या रव्यापाशी थांबले. लोकं बघायला लागली. सगळ्यांना फ्लेक्स ठाऊक.

त्यांनी खडा मोडला. तोंडात टाकला.

मी मनात म्हटलं, आता ह्यो थुकणार. चारचौघांत थुकणार आणि जाणार.

न्हाय थुकला. गिळला. अडत्यानं पावतीबुक काढून विचारलं, "ह्यो माल कुणाचा?" मी तोंड उघडायच्या आत गणपतराव म्हणाले, "बाळासो खोत आणि बाबालाल जमादार. लिही." आणि पुढच्या रव्याकडं गेले. बोली लावली न्हाय. माझ्याशी बोलले न्हाईत. मागं वळून बघितलं बी न्हाय.

मी ती पावती गाडीत बसलेल्या बाळासोला दिली. त्यानं वाचली आणि खिडकीकडं तोंड करून बसला.

तुझ्या मंडळाचा पुढचा मेळावा मेमध्ये हाय असं बाळासो म्हणतोय. फ्लेक्सला फोटो सोबत पाठवतोय, नव्या काहिलीजवळचा. दोघांची लेखी परवानगी मागं लिवलीय, दोघांच्या सहीनं.

बाबालाल जमादार